मागावरचा वग

इचलकरंजीत मोबाइलच्या एका दुकानात वायर घ्यायला थांबलो होतो. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकानं इअरफोन मागितला. दुकानदारानं मानही वर न करता विचारलं, "मागावर घालायचा का साधा?" गिऱ्हाईक म्हणालं, "मागावर." काउंटरखालच्या वेगळ्या खोक्यातून एक निघाला. वायरवाला, स्वस्तातला, पुढे रबरी टोपी असलेला आणि कानात खोल बसणारा. बिनवायरचा का नाही, असं मी मध्येच विचारलं. "त्यो पडला की गेला, सापडत न्हाई," दुकानदार म्हणाला. "वायर शर्टाच्या आतनं, पाठीमागनं घ्यायची. म्हंजे पट्ट्यात अडकत न्हाई."

मी लिहायला बसतो तेव्हा पावसाचा आवाज लावतो. माझ्या ओळखीत कुणाला हॉटेलातली कुजबुज लागते, कुणाला शब्द नसलेली संथ गाणी, आणि एकाला विमानाच्या आतला हुंकार. हे सगळे शांत खोलीत बसून आवाज मागणारे लोक. इथं मात्र कान फुटेल अशा जागी उभा राहून आणखी आवाज मागणारा माणूस होता. तो नक्की काय ऐकतो, ते बघायला मी यंत्रमागाच्या कारखान्यात गेलो.

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. पुढे गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणायची रीत पडली. बिरुद म्हणून मला ते कधी आवडलं नाही, पण आवाजाच्या बाबतीत ते खरं आहे. गल्लीत शिरलं की आधी पायाला कळतं, मग कानाला. घराला लागून कारखाना, कारखान्याला लागून घर. एका दारात रांगोळी आणि शेजारच्या दारातून खडखडाट. मी गेलो तो कारखाना साध्या मागांचा होता, म्हणजे लाकडी धोटा इकडून तिकडे मारणारा जुना प्रकार. आत पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा वास आला, खळ लावलेल्या सुताचा आणि तापलेल्या तेलाचा. मग काही क्षण दुसरं काहीच जाणवलं नाही.

मागाचा आवाज एक नसतो. काठीचा धोट्याला फटका, धोटा पलीकडच्या पेटीत आदळणं, मग फणीचा ठोका. एक आडवा धागा विणला की हे तिन्ही झाले. "मिनटाला दीडशे," जॉबरनं सांगितलं, म्हणजे माझ्या कानाला तोंड लावून ओरडला. मागांची दुरुस्ती त्याच्याकडे. दीडशे हा आकडा त्यानं बोटं नाचवून पुन्हा दाखवला, कारण मी भलतंच काहीतरी ऐकल्यासारखी मान हलवली होती. एका कामगाराकडे सहा माग. दीडशे गुणिले सहा म्हणजे मिनिटाला नऊशे ठोके, आणि तेही एकत्र नाहीत. सहाही माग आपापल्या गतीनं चालतात, क्षणभर एकमेकांना गाठतात आणि लगेच सुटतात. पाळी बारा तासांची. एकच माग धरला तरी पाळीत लाखाच्या वर ठोके पडतात. मजुरी मीटरवर आणि पिकावर, म्हणजे कापडात आडवे धागे किती दाट, त्यावर. ठोका पडला तरच पैसा, त्यामुळे आवाज थांबावा असं इथं कुणालाच वाटत नाही.

माझ्या मोबाइलमधलं मोजमाप शंभर डेसिबलच्या आसपास दाखवत होतं. अशा मापावर फार विसंबू नये, पण साध्या मागांच्या कारखान्यात आवाज याच घरात असतो हे वेळोवेळी मोजलं गेलंय. जुन्या कारखाना कायद्याखालच्या नमुना नियमांत 90 डेसिबलला आठ तासांची मुभा होती, 95 ला चार आणि 100 ला दोन. बारा तासांचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. आणि छोट्या कारखान्यांत माणसंच इतकी थोडी असतात, की तक्ता त्यांच्या दारापर्यंत पोचत नाही.

तिथं रात्रपाळीला एक काका होते. पन्नाशी उलटलेली, बनियनवर उघडा शर्ट, आणि पाठीमागून कॉलरमधून वर आलेली काळी वायर. एका कानात बोंड, दुसरा मोकळा. ते मागाजवळ आले, माग थांबवला, धोटा काढला, रिकामी कांडी उडवून भरलेली बसवली, धागा धोट्याच्या डोळ्यातून ओढला, धोटा जागी सरकवला आणि माग सुरू केला. हे सगळं व्हायला मला वहीत एक ओळ लिहायला लागली त्याहून कमी वेळ लागला. तेवढ्यात ते हसले. मी मागं वळून पाहिलं, कुणी नव्हतं. पुढच्या मागाकडे जाताना त्यांचे खांदे हलत होते, दात दिसत होते आणि आवाज शून्य. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

चहाला बाहेर आल्यावर विचारलं, "काका, काय ऐकत होता?"

"गाढवाचं लग्न."

वग. हरिभाऊ वडगावकरांनी लिहिलेला, दादू इंदुरीकरांनी महाराष्ट्रभर गाजवलेला. कुणीतरी कार्डात भरून दिलाय आणि काका तो रोज रात्री ऐकतात. इतर गोष्टीही आहेत, कीर्तनं आहेत, पण वग पाठ आहे. आणि पाठ आहे म्हणूनच तो इथं चालतो. "आतमंदी समदं कुठलं ऐकाय येतंय? दोन शब्द येत्यात, चार जात्यात. गेल्यालं माझं मला ठाव असतंय. सावळ्या काय म्हनतोय आन् गंगी काय म्हनती, त्ये मीच म्हनतो मनात."

आणि गाणी? गाणी त्यांनी सोडून दिली होती. "गाण्याला ताल असतोय. मागाला बी असतोय. दोघं भांडत्यात. डोस्कं फिरतंय."

हे मी नंतर स्वतः करून पाहिलं. बोंड कानात घालून, मागाशेजारी, ढोलकीचं एक गाणं लावलं. पहिलं कडवं कसंबसं गेलं. दुसऱ्यात ढोलकी कुठली आणि काठी कुठली ते कळेना, आणि पाय आपोआप मागाबरोबर पडायला लागला. दीडशेपुढे ढोलकीवाल्याचं काही चालत नाही. मग बोलणं लावलं. ते तुटक येत होतं, पण ठोक्याशी त्याचं वैर नव्हतं. बोलण्याला ठेका नसतो, ते फटीतून शिरतं.

कारखान्यात कामगारांना संगीत ऐकवायचं, ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात, 23 जून 1940 पासून, बीबीसीनं कामाच्या वेळी वाजवायचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सुरू केला आणि तो 1967 पर्यंत चालवला. ब्रिटनमधल्या कारखान्यांत तो लाउडस्पीकरवर लागायचा. गाणी निवडण्यामागे उत्पादनाचा हिशेब होता. टेक्सासवरचं एक गाणं तर वर्ज्यच केलं होतं, कारण त्यात टाळ्या वाजवायच्या जागा होत्या आणि लोक हातातलं काम टाकून हत्यारं बडवायचे. खऱ्या मँचेस्टरच्या भोवतालच्या लँकेशायरमध्ये विणकामाच्या शेडमधल्या बायकांनी मात्र आपली वेगळीच सोय केली होती. ओठ मोठे करून, चेहरा हलवून, आवाजाशिवाय बोलायचं आणि ओठ वाचून ऐकायचं. त्या बोलण्याला त्या 'मी-मॉ' म्हणत. इचलकरंजीतही मी तेच पाहिलं, फक्त त्याला नाव कुणी दिलेलं नाही. दोन बोटं उभी म्हणजे कांडी संपली, तळहात पालथा म्हणजे माग बंद ठेव, आणि हनुवटीचा एक झटका म्हणजे मालक आला.

मालकांना इअरफोन आवडत नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं, धागा तुटला तर कळायला नको? कापडात डाग पडतो, पैसे कोण देणार? ते ज्या कार्यालयात बसून बोलत होते तिथं जाड काच होती आणि वातानुकूलन होतं. आवाजाचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, सवय होते. दोनदा म्हणाले.

धाग्याचा मुद्दा मी काकांना विचारला. ते म्हणाले, तुटला की कळतं. कसं? "चालू माग ऐकायच येत न्हाई. बंद पडला की ऐकाय येतोय." सहा मागांच्या गोंगाटातला एक गळाला की तिथं भोक पडतं आणि मान आपोआप तिकडे वळते, मग कानात वगातला सावळ्या असो नाहीतर कुणी. हे मी डोळ्यांनी पाहिलं. पाठ फिरवलेली असताना मागचा माग थांबला आणि काका वळले. मला ते थांबणं कळलंही नव्हतं. जॉबरचं तर आणखी पुढचं. बेअरिंगमध्ये गडबड वाटली की तो स्क्रूड्रायव्हरचं टोक मागाच्या अंगावर टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटतो. एवढ्या कल्लोळात तो एका बेअरिंगची खरखर निवडून काढतो. तोही म्हणाला, दीडशेचा माग एकशे चाळीसवर आला की त्याच्या पोटात कळतं.

पण घरी बायको काय म्हणते ते त्याला कळत नाही. हे त्यानं हसत सांगितलं. गोंगाटानं कान जातो तो सगळा एकदम जात नाही, आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासची पट्टी जाते. बोलण्यातले स, श, फ असे बारीक आवाज धूसर होतात. आवाज येतो, शब्द लागत नाही. "मोठ्यांदा बोलू नको, नीट बोल," असं जॉबर घरी म्हणतो आणि सगळे चिडतात. मालक ज्याला सवय म्हणत होते, तिचा निदान काही भाग हा असणार. गोंगाटानं आलेलं बहिरेपण आपल्या नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेलं आहे. पण त्यासाठी कान तपासलेला लागतो, हजेरीवर नाव लागतं, आणि बारा तास उभं राहिल्यानंतर कचेरीत जायला दिवस लागतो.

मागांपासून भिंतीपलीकडे कांड्या भरायचं काम चाललं होतं. तिथं बायका होत्या, आवाज पुष्कळ कमी, आणि खिळ्याला रेडिओ अडकवलेला. त्यांची निवड वेगळीच. जाहिराती लागल्या की आवाज मोठा करायच्या, गाणी लागली की गप्पा मारायच्या. त्यातल्या एक मावशी कारखान्याला लागूनच राहतात. त्यांचा नातू मागाच्या आवाजावर झोपतो. वीज गेली, माग थांबले, की दचकून उठतो. "मग त्याला पंखा लावावा लागतोय," मावशी म्हणाल्या. वीज गेल्यावर पंखा कसा लावता, असं मी विचारलं तेव्हा सगळ्या हसल्या. मावशींनी कांडी यंत्राची घरघर करून दाखवली: हे असं तोंडानं करतो, तो झोपेपर्यंत.

झोपलेल्या माणसाला मोठा आवाज तेवढा उठवत नाही, जेवढा बदल उठवतो, हे झोपेचे अभ्यासक सांगतात. सलग एकसुरी आवाज मधल्या छोट्या आवाजांना झाकून टाकतो, म्हणून माझा पाऊस चालतो आणि बाळाचा माग चालतो. फरक एवढाच, की माझा पाऊस मी बंद करू शकतो, आणि त्यानं माझ्या कानाचं काही बिघडत नाही. शंभर डेसिबलवर बसेल इतका मोठा आवाज इअरफोनमध्ये लावला तर तो कानाला दुसरा मारच आहे. रबरी टोपी घट्ट बसली तर बाहेरचा आवाज थोडा अडतो हे खरं, पण काकांचा एक कान तर उघडाच होता.

म्हणून निघताना मी त्यांना फोमच्या बोळ्यांबद्दल विचारलं. औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतात. दाबून, गोळी करून कानात घातले की आत फुगतात आणि मागाचा आवाज चांगला खाली येतो. काकांना ठाऊक होतं. कुणीतरी एकदा कारखान्यात वाटलेही होते. पाकीट त्यांच्या पिशवीत होतं, अर्धं फोडलेलं. त्यांनी मला काढून दाखवलं, पिवळे बोळे, एक वापरलेला, मळलेला.

"घातला हुता. बरं वाटलं बी," ते म्हणाले. "पर कानात बोळा घातला, तर वग कुठं घालू?"