पट्टा बसला, काटा हलेना

"वहिनी, ऑपरेशन केलंत ना? मग दिसत का नाही?"

गौरीजेवणाच्या दिवशी, भरल्या पंगतीत, माझ्या धाकट्या नणंदेनं हा प्रश्न विचारला. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, तिचा स्वभावच मोकळा. पण पंगतीतल्या सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या आणि पानातला गुरगुट्या भात माझ्या घशाखाली उतरेना. साल २००८. माझ्या जठराला सिलिकॉनचा पट्टा बसवून जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्यासाठी आम्ही आमच्या कारखान्यातले चार माग विकले होते, माझ्या पाटल्या मोडल्या होत्या आणि उरलेले पैसे पतपेढीतून काढले होते. एवढं करून मी दिसायला होते तशीच होते.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. मी भिवंडीची. माहेर इथलं, सासरही इथलंच. यंत्रमागाच्या खडखडाटात झोप लागते ती आम्हा भिवंडीकरांनाच. माग बंद पडले की उलट जाग येते. मी शाळेत शिक्षिका होते. दोन बाळंतपणं, थायरॉइडच्या गोळ्या, उभ्यानं शिकवणं आणि संध्याकाळी उरलंसुरलं संपवणं, या सगळ्यात वजन कधी वाढत गेलं ते कळलं नाही, असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर कळत होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी उंची पाच फूट एक इंच आणि वजन १०८ किलो होतं. साखर वाढली, गुडघे बोलू लागले. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात बसायला गेले की रिक्षावाला मागे वळून म्हणायचा, "मॅडम, दो का भाडा देना पडेगा." रोज सकाळी, शाळेतल्या मुलांच्या देखत. डॉक्टरांच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मला हा हिशेब जास्त लागला.

डाएट सगळी करून झाली होती. दुधीचा रस, मेथीचं पाणी, सोमवार ते शनिवार उपास. दहा किलो जायचे आणि बारा परत यायचे. शेवटी मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात गेलो. नाव नको. तिथल्या भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो होते. आधीच्या फोटोत बाई कोमेजलेली, नंतरच्या फोटोत जीन्स घालून हसणारी. मधल्या काळाचा फोटो एकही नव्हता. मला हे खटकायला हवं होतं, पण माणूस अशा वेळी दुसरा फोटोच बघतो.

तर हा पट्टा म्हणजे काय? इंग्रजीत गॅस्ट्रिक बँड. जठराच्या वरच्या टोकाला, अन्ननलिकेच्या थोडं खाली, दुर्बिणीतून एक सिलिकॉनचं कडं अडकवतात. त्यामुळे वर एक चिमुकली पिशवी तयार होते आणि बाकीचं जठर खाली राहतं. कड्याच्या आतल्या बाजूला एक फुगा असतो. त्यातून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली नाण्याएवढ्या एका डबीला जोडलेली असते. या डबीला पोर्ट म्हणतात. बाहेरून सुई टोचून त्यात सलाईन भरलं की फुगा फुगतो, वाट अरुंद होते आणि थोडक्या अन्नात पोट भरल्यासारखं वाटतं. सलाईन काढलं की वाट पुन्हा रुंद. यात जठर कापत नाहीत, आतडं वळवत नाहीत. बेल्जियममधले डॉ. मितिकू बेलाचू यांनी १९९३ साली असा कमी-जास्त करता येणारा पट्टा पहिल्यांदा दुर्बिणीतून बसवला आणि २००१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला परवानगी दिली. मला बसला तेव्हा त्याची चलती होती. कापाकापी नाही, हवं तर काढताही येतो, हे ऐकून आमच्या ह्यांचा जीव भांड्यात पडला होता.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात शिरली नव्हती. ती सांगितली गेली होती, नाही असं नाही; पण इंग्रजीत, घाईघाईत, सह्या करण्याच्या कागदांच्या गठ्ठ्यात. ती गोष्ट अशी, की पट्टा बसवतात तेव्हा तो बहुधा रिकामा असतो. ऑपरेशननंतर आत सूज असते. पट्टा आपल्या जागी रुजायला वेळ लागतो. तेव्हाच आवळला तर उलट्या होतात, आणि उलट्यांनी पट्टा सरकू शकतो. म्हणून पहिलं सलाईन साधारण चार ते सहा आठवड्यांनी भरतात. तोवर पोटात जे असतं ते नुसतं कडं.

मग सुरुवातीला जे किलो जातात ते कशानं? पातळ खाण्यानं. माझे पहिले दोन आठवडे डाळीचं पाणी, गाळलेली पेज, ताक आणि शहाळं यांवर गेले. १०८ वरून काटा १०२ वर आला. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. त्या सहा किलोंत पाण्याचा वाटा मोठा होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उपाशी शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरतं आणि तिच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणीही सोडून देतं. पुन्हा जेवू लागलं की ते पाणी परत येतं. तिसऱ्या आठवड्यापासून मी मऊ वरणभातावर आले, पाचव्यापासून पोळीवर. भूक परतली, आणि काय जोमानं! पट्टा काही अडवेना. दीड पोळी सुरळीत जायला लागली. काटा १०३ झाला. त्याच रुग्णालयात माझ्याच आठवड्यात बायपास झालेल्या एका बाईंशी फोनवर बोलणं व्हायचं. त्यांचे पंधरा किलो गेले होते. मी नंतर त्यांचे फोन घेणंच बंद केलं.

त्या वर्षी गणपती आणि रमजान एकत्र आले होते. आमच्या गल्लीत एकीकडे आरत्या, दुसरीकडे इफ्तारची लगबग. भिवंडीत हे नवल नाही. पण माझ्यासाठी म्हणजे दोन्हीकडून खाण्याचा मारा! मोदकाला मी कशीबशी नाही म्हटलं. २ ऑक्टोबरला ईद आली. शेजारच्या आपा शीरखुर्म्याचा वाडगा घेऊन आल्या. "भाभी, चबाना भी नहीं पडेगा," म्हणाल्या. खरंच होतं. एक वाडगा गेला, मग दुसरा. कुठे अडकलं नाही, पोट भरल्यासारखंही वाटलं नाही. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. वाटलं, पट्टा तुटला असणार, नाहीतर माझ्यातच काही खोट असणार. चार माग गेले आणि बाई शीरखुर्मा खात बसली आहे!

आज कळतं, की पट्टा पूर्ण भरलेला असता तरी शीरखुर्मा असाच गेला असता. पट्टा अडवतो ते घट्ट अन्नाला. आइस्क्रीम, बासुंदी, सरबत, चहात बुडवलेली बिस्किटं यांना त्याचा दरवाजा उघडाच. म्हणून पट्टेवाल्यांचा डाव बहुतेक वेळा इथेच फसतो. भाकरी अडते, उलटी होते, जीव घाबरतो, आणि माणूस नकळत पातळ गोडावर येतो. जेवण कमी, उष्मांक तेवढेच.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कामासाठी ठाण्याला गेले होते. स्टेशनवर रंगीत दिव्यांचं वजनाचं यंत्र होतं. का कोण जाणे, त्यावर चढले. तिकीट आलं : १०४. मागे भविष्य छापलेलं होतं, 'आपले कष्ट लवकरच फळास येतील' अशा अर्थाचं. मी ते तिकीट चुरगाळलं आणि पुन्हा सरळ करून पर्समध्ये टाकलं.

सोमवारी पहिल्या सलाईनची तारीख होती. मला जायचंच नव्हतं. डॉक्टरांना तोंड कसं दाखवायचं? हे म्हणाले, "चल, मी येतो." बसमध्ये ते फारसे बोलले नाहीत. मग कापूरबावडीच्या आसपास आपणहून म्हणाले, "नवीन बीम लावला की जॉबर पहिल्याच दिवशी पुरा ताण देतो का? धागे तुटतील. थोडं कापड विणून बघतो, मग थोडा ताण वाढवतो, परत बघतो." माझ्या पोटाची तुलना मागाशी! एरवी मी भांडले असते.

डॉक्टरांनी वजन पाहिलं, वहीत लिहिलं आणि शांतपणे म्हणाले, "बाई, आपण अजून सुरुवातच केलेली नाही."

सात आठवडे मी स्वतःला नापास ठरवत होते आणि परीक्षा सुरूच झाली नव्हती. मला रागही आला. हे वाक्य भिंतीवरच्या दोन फोटोंच्या मध्ये मोठ्या मराठी अक्षरांत लावायला काय हरकत होती?

पहिल्या सलाईननंतरही काही चमत्कार झाला नाही. नोव्हेंबरात दुसऱ्यांदा भरलं, जानेवारीत तिसऱ्यांदा. त्यानंतर एके दिवशी अर्धी पोळी संपली आणि मला पुढची नको होती. नकोशी झाली नव्हती. नको होती, एवढंच. असं मला आयुष्यात कधी झालं नव्हतं. डॉक्टर याला ग्रीन झोन म्हणतात : भूकही नाही, अडकणंही नाही. मार्चमध्ये मी हट्टानं आणखी भरून घेतलं आणि रात्री पाण्याचा घोटसुद्धा उतरेना. दुसऱ्या दिवशी धावतपळत जाऊन थोडं काढून घ्यावं लागलं. पट्ट्याची किंमत म्हणजे ऑपरेशनचं बिल नव्हे. या खेपाच खऱ्या महाग. पहिल्या वर्षात मी नऊ वेळा मुंबईला गेले. दर खेपेला अर्धी रजा, दोघांचं भाडं आणि सुईचे पैसे. ज्याला या खेपा परवडत नाहीत, त्याच्या पोटात नुसतं कडं राहतं.

पुढच्या गौरींना मी ९० वर होते. अठरा किलो, वर्षात. हिशेब मांडला तर महिन्याला दीड किलो. पट्ट्याची गती हीच. आठवड्याला अर्धा ते एक किलो गेला तर उत्तम समजतात, आणि दोन-तीन वर्षं ही उतरण चालू राहते. स्वीडनमध्ये हजारो स्थूल रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेले आकडे पुरेसे बोलके आहेत. पट्टा बसवलेल्यांचं वजन जास्तीत जास्त २० टक्के उतरलं, बायपासवाल्यांचं ३२ टक्के. दहा वर्षांनी हेच आकडे १४ आणि २५ वर स्थिरावले. अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी २०१३ च्या फेब्रुवारीत गुपचूप पट्टा बसवून घेतला आणि मे महिन्यात ते जाहीर केलं. एवढ्या मोठ्या माणसालाही तीन महिने गुपित ठेवावंसं वाटलं, हे वाचून मला बरं वाटलं. मी पंगतीत सांगून बसले होते.

वजनाच्या काट्याबद्दल एक सांगायलाच हवं. आमचे हे सडपातळ, पण मधुमेह त्यांनाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि आपल्या एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण अंगातली चरबी सहकाऱ्याची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१ टक्के. म्हणजे काटा सगळं सांगत नाही. माझं उलट झालं. काटा रेंगाळत होता तेव्हाच, सहाव्या महिन्यात, साखरेची गोळी निम्मी झाली होती. तिकडे मात्र पंगतीतल्या कुणाचं लक्ष जाणं शक्य नव्हतं.

तीन वर्षांत मी ८१ वर आले. २०१४ साली रात्रीचा खोकला आणि आम्लपित्त यांनी हैराण झाले म्हणून दोन महिने पट्टा पुरता रिकामा करावा लागला. सहा किलो परत चढले. आज ८४ आहे. पट्टा आत आहे, अर्धा भरलेला. आता मात्र नवा पट्टा फारसा कुणी बसवत नाही. तो सरकतो, कधी जठरात रुततो, पुष्कळांना पुन्हा ऑपरेशन करून काढावा लागतो. त्याची जागा स्लीव्हनं घेतली. त्यात जठराचा मोठा भाग कापूनच टाकतात. २०२५ पासून आपल्याकडे आठवड्याच्या इंजेक्शनांची चर्चा घरोघरी आहे. पट्टा चांगला का वाईट, असं मला विचारलं तर मी म्हणेन, तो माझ्या कामी आला. पण त्याच्यासाठी भांडायला मी जाणार नाही.

परवा माझ्या पुतणीचा फोन आला. ठाण्याला स्लीव्ह करून तिला वीस दिवस झालेत. पहिल्या दहा दिवसांत सात किलो गेले, नंतरच्या दहांत एक ग्रॅमही नाही. आवाज रडवेला. "काकू, माझंच काही चुकतंय का गं?" तिच्या सासूबाई रोज सकाळी तिला काट्यावर उभं करतात आणि आकडा कॅलेंडरवर लिहितात. तिसऱ्या आठवड्याचं हे अडून बसणं स्लीव्हवाल्यांनाही भेटतं. पाण्याचाच खेळ असतो तो. मी तिला तसं सांगितलं. मग म्हटलं, "तपासणी मंगळवारी आहे ना? मी येते तुझ्याबरोबर. आणि तोवर तो काटा माझ्याकडे दे पाठवून."

काटा काल संध्याकाळी आला. पलंगाखाली सरकवून ठेवलाय. सासूबाईंना तो दुरुस्तीला दिलाय असं सांगायचं ठरलं आहे.