ड्रॅग रेस : वेगाआधी सुरुवात शिका

सरळ धावपट्टीवर दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे अंतर आधी कोण कापतो यावर निकाल ठरतो. अमेरिकेत रस्त्यांवरील जीवघेण्या शर्यतींना आळा बसावा आणि या खेळाला शिस्त लागावी, यासाठी १९५१ मध्ये 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन झाली. तेथे रोजच्या वापरातील मोटार घेऊनही हौशी चालकाला स्पर्धेत उतरता येते.

मात्र, नवोदितांनी प्रथम इंजिनावर पैसे ओतू नयेत. 'ब्रॅकेट' प्रकारात प्रत्येक चालक आपल्या गाडीला लागणारा वेळ आधीच जाहीर करतो. एकाचा वेळ १५ आणि दुसऱ्याचा १३ सेकंद असेल, तर पहिल्याला दोन सेकंद आधी सोडले जाते. त्यामुळे साधी गाडीही जिंकू शकते. जाहीर वेळेपेक्षा कमी वेळात पोहोचणारा मात्र सहसा बाद होतो. म्हणूनच प्रत्येक सराव फेरीचा वेळ वहीत टिपून ठेवावा.

सुरुवातीला तीन पिवळे दिवे अर्ध्या सेकंदाच्या अंतराने लागतात. हिरव्याची वाट पाहिल्यास उशीर होतो. शेवटचा पिवळा दिसताच निघावे. त्याहून घाई केल्यास लाल दिवा लागतो आणि फेरी हातची जाते.

हेल्मेट, पट्टा, टायर व ब्रेक आधी तपासावेत. अंतिम रेषेनंतर वेग हळूहळू कमी करावा, शेजारच्या मार्गिकेत शिरू नये. आपल्याकडेही लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा स्पर्धा झाल्या आहेत. वेगाची हौस तेथेच भागवावी. रस्त्यावर समोरून येणाऱ्याने शर्यतीत नाव नोंदवलेले नसते.