फोर्कलिफ्ट, पाय आणि पाऊण टक्का

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांतून रोज सकाळी कोणी ना कोणी मकरपुरा, नंदेसरी किंवा वाघोडियाच्या कारखान्यात कामाला जाते. माझे थोरले भाऊ असेच एका गोदामात होते. फोर्कलिफ्टचे मागचे चाक त्यांच्या पायावरून गेले. गाडी पुढे जात असताना बाजूला उभ्या माणसाला मागचे चाक लागते कसे, हे घरात कोणालाच कळेना.

मोटार पुढच्या चाकांनी वळते, फोर्कलिफ्ट मागच्या. त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग विरुद्ध बाजूला झपकन बाहेर येतो. शेजारी रॅक किंवा भिंत असली की माणसाला सरकायला जागाच नसते. आणि अडीच टन माल उचलणाऱ्या गाडीचे स्वतःचे वजन साडेतीन टनांच्या वर असते, कारण मालाचा तोल सांभाळायला मागे जड लोखंड बसवलेले असते.

गाडी उलटते त्याचे कारण वेगळे. चाके चार असली तरी ती तोलून असते तीन बिंदूंवर: पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्य. गुरुत्वमध्य या त्रिकोणाबाहेर गेला की गाडी आडवी. माल उंच धरून वळणे म्हणूनच धोक्याचे. रिकामी गाडीही जोरात वळवली तर उलटते. ‘रिकामीच तर आहे’ म्हणून ती दामटणारे चालक मी पाहिले आहेत. अशा वेळी उडी मारू नये. उडी मारणारा बहुधा छपराच्या सांगाड्याखालीच सापडतो. पट्टा बांधलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावे आणि पडण्याच्या उलट बाजूला झुकावे.

आता घरच्यांनी लक्षात ठेवायचे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगाराच्या पगारातून ईएसआयसाठी पाऊण टक्का कापला जातो. कामावर इजा होऊन तो घरी बसला तर बरा होईपर्यंत सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि त्यासाठी किती महिने वर्गणी भरली हे पाहिले जात नाही. ठेकेदाराकडचा माणूसही यात येतो. मात्र अपघात कामावर झाला, ही नोंद हवी.

भावाच्या वेळी ठेकेदाराचा माणूस दवाखान्याच्या दारातच म्हणाला, ‘घरी जिन्यावरून पडले असे लिहून द्या, खर्चाचे आम्ही बघतो.’ वहिनींनी ऐकले नाही. केसपेपरवर फोर्कलिफ्ट हा शब्द लिहून घेतल्याशिवाय त्या खिडकीपासून हलल्या नाहीत.