झोपाळ्याचा जोड

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार म्हटल्यावर ह्यूस्टनच्या घरामागे झोपाळा करायचं ठरवलं. साताऱ्याच्या घरातला झोपाळा आईच्या मनातून अजून गेलेला नाही. कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात मी वेल्डिंग शिकत होतोच. चौकोनी लोखंडी पाइप आणले, दोन वीकएंडमध्ये सांगाडा उभा केला. दिवाळीत मंडळातल्या मुलांनी झोपाळ्याला क्षणभर उसंत दिली नाही.

मार्चमध्ये बाबांनी हाक मारली, "अरे, इथे रंगातून गंजाची रेघ कशी आली?" कडी अडकवायची पट्टी जिथे पाइपला जोडली होती, तिथे केसाएवढी तांबूस रेघ दिसत होती. रंग खरवडला तर भेग! जवळजवळ अर्धा जोड सुटला होता. आदल्याच दिवशी त्यावर चार मुलं बसली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

"वेल्डिंग कमी पडलं का रे?" बाबांनी विचारलं. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कोपऱ्यात भरलेला जोड आडव्या छेदात त्रिकोणी असतो. त्याची ताकद ठरते ती आतल्या कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या बाजूपर्यंतच्या सर्वांत कमी जाडीवरून, म्हणजे जोडाच्या गळ्यावरून. त्रिकोणाची बाजू ३ मिलिमीटर असेल, तर गळा जेमतेम २.१ मिलिमीटर. वरून फुगीर दिसणाऱ्या जोडाचा उपयोग फारसा नाही, उलट कडेला खाच पडते. तरीही नेहमीच्या रॉडने नीट केलेला असा जोड १ सेंटिमीटर लांबीवर सुमारे ३०० किलो भार पेलतो. माझा जोड ५ सेंटिमीटरचा, म्हणजे कागदावर दीड हजार किलो!

मुलांचं वजन १२० किलो धरलं आणि झोका ६० अंशांपर्यंत गेला, तर तळाशी ताण दुप्पट, २४० किलो. तोही दोन कड्यांत वाटलेला. मग जोड सुटला कसा?

उत्तर वेल्क्रोत आहे. वेल्क्रोची पट्टी सरळ ओढली तर सुटत नाही, पण कोपऱ्यातून उचलली की सहज उलगडते. मी पट्टी एकाच बाजूने वेल्ड केली होती, तीही आडवी. झोका पुढेमागे गेला की पट्टी वाकायची आणि जोडाचं मूळ उघडायचं. दीड हजार किलोचा हिशेब सरळ ओढीचा होता, वाकण्याचा नव्हे. शिवाय २ मीटर साखळीचा झोपाळा मिनिटाला सुमारे २१ झोके घेतो. रोज तासभर धरला तरी चार महिन्यांत दीड लाख झोके! तार वारंवार वाकवून तोडतो, तसंच हे.

मोठ्या कामांतही हीच चूक जिवावर बेतते. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर किलँड' हा कामगारांच्या निवासाचा नॉर्वेचा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला आणि १२३ माणसं गेली. पाण्याखालचे आवाज टिपणारं एक छोटं उपकरण बसवण्यासाठी एका मुख्य नळीवर आधार वेल्ड केला होता. त्याच्या ६ मिलिमीटरच्या जोडापासून भेग वाढत गेली, नळी तुटली आणि प्लॅटफॉर्मचा एक पायच निखळला. त्या जोडावर मोठा भार यावा, असं कुणाच्या मनातही नव्हतं.

मी दुरुस्ती केली ती नुसता वरून रॉड ओढून नाही. जुना जोड ग्राइंडरने पूर्ण काढला. पाइपला वरून वेढा घालणारी जाड पट्टी वळवून बसवली, तिची रुंदी झोक्याच्या दिशेने ठेवली, दोन्ही बाजूंनी वेल्ड केलं. आता भार पाइपवर टेकतो, जोड पट्टीला फक्त जागेवर धरतो. पायांच्या कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्याही घातल्या. मग वाळूची ४०० किलोची पोती ठेवून दोन दिवस वाट पाहिली.

तुमच्याकडेही झोपाळा, जिन्याचा कठडा किंवा गणपतीच्या मखराचा सांगाडा असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत जोडांवरून बोट फिरवा. रंगातून येणारी गंजाची रेघ, उडालेला रंग, नवी करकर यांवर नुसता रंग मारू नका. जाणत्या वेल्डरला दाखवा आणि तोवर मुलांना बसू देऊ नका.

पोती उतरवल्यावर पहिले बाबा बसले. आई म्हणाली, "सरका जरा."