मर्यादित खर्चात साहसी प्रवासाची मोटारसायकल : इंजिनाइतकेच वजनही महत्त्वाचे

लडाख, स्पिती किंवा अरुणाचलच्या घाटवाटा मोटारसायकलने पार करण्याची इच्छा अनेकांना असते. मात्र खर्चाची मर्यादा अडीच लाख रुपयांच्या आसपास असेल, तर निवड विचारपूर्वक करावी लागते. अशा ग्राहकाने सर्वांत मोठे इंजिन शोधण्याऐवजी आधी गाडीचे वजन, आसनाची उंची आणि एकूण खर्च पाहणे हिताचे ठरते.

कराचा फरक

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. त्याहून मोठ्या इंजिनांवर पूर्वी उपकरासह 31 टक्के आकारणी होती; ती 40 टक्के झाली. त्यामुळे 200 ते 250 सीसीच्या गाड्यांचे पारडे जड झाले आहे.

वजन आणि शक्ती

हिरो एक्सपल्स 200 4व्ही सुमारे 159 किलोची, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स 167 किलोची, तर रॉयल एन्फिल्ड हिमालयन 450 ही 196 किलोची आहे. ओढ्यात किंवा वाळूत आडवी झालेली गाडी एकट्याने उभी करताना हा फरक जाणवतो. एक्सपल्सचे 21 इंची, तारांचे पुढचे चाक दगडधोंड्यांच्या वाटेला अनुकूल आहे. व्ही-स्ट्रॉमचे 19 इंची चाक डांबरी रस्त्यावर अधिक सोयीचे ठरते.

मोठ्या इंजिनाचा लाभही नाकारता येत नाही. सुमारे 5,300 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो आणि इंजिनाची शक्ती त्याच प्रमाणात घटते. सहप्रवासी व सामान घेऊन चढ चढताना राखीव शक्ती उपयोगी पडते. एकट्याने प्रवास करणाऱ्यास मात्र हलकी गाडी पुरेशी ठरू शकते.

इंधनाचे गणित

लाहौलमधील तांदी येथील पेट्रोल पंपावर पुढील पंप 365 किलोमीटरवर असल्याचे सांगणारा फलक प्रसिद्ध आहे. 13 लिटरच्या टाकीत हे अंतर कापण्यासाठी लिटरमागे किमान 28 किलोमीटर मिळावे लागतात. चढावर आणि ओझ्यासह ही सरासरी घसरते; म्हणून जादा इंधनाची सोय हवी.

किमतीपलीकडचा खर्च

एकूण रकमेचा सुमारे पाचवा हिस्सा आयएसआय चिन्हाचे हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, बूट, सामानाच्या पिशव्या आणि पंक्चर दुरुस्तीच्या साहित्यासाठी राखून ठेवावा. नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा अनिवार्य असल्याने तोही हिशेबात धरावा. जुनी गाडी घेताना चौकट वाकलेली नाही ना, पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळत नाही ना, हे तपासावे आणि चासी क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावा.

निर्णयापूर्वी गाडी चालवून पाहणे आवश्यक आहे. आसनावर बसून पाय जमिनीवर भक्कम टेकत नसतील, तर उतारावरील खडीत गाडी सावरणे कठीण जाते. मार्गावर त्या कंपनीची सेवा केंद्रे कुठे आहेत, याचीही आधी खात्री करून घ्यावी.