काळा रंग फिका का दिसतो?

रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की आपली नजर आधी कोलेस्टेरॉलच्या आकड्याकडे जाते. या शब्दाचं मूळ रूप एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने घडवलं. पित्ताशयातल्या खड्यांमध्ये सापडणाऱ्या एका पांढऱ्या पदार्थाला त्याने ग्रीक भाषेतले ‘पित्त’ आणि ‘घट्ट’ हे दोन शब्द जोडून नाव दिलं. मिशेल युजेन शेव्रल हे त्याचं नाव. १७८६ साली आँजे गावात एका शल्यवैद्याच्या घरी तो जन्मला आणि १०२ वर्षं जगला.

त्याच्या कामाची सुरुवात झाली साबणापासून. डुकराच्या चरबीचा साबण त्याने भरपूर पाण्यात घातला, तेव्हा तळाशी मोत्यासारखं चमकणारं काहीतरी साचलं. दुसऱ्या कुणी ते गाळून फेकून दिलं असतं. शेव्रलने त्यावर आम्लाची क्रिया केली आणि हाती आलं एक स्निग्धाम्ल. चरबी आणि क्षार नुसते एकत्र आले की साबण होतो, असा तोवर समज होता. प्रत्यक्षात क्षारामुळे चरबी फुटते, तिच्यातली स्निग्धाम्लं क्षाराशी जुळून साबण होतात आणि एक गोड, दाट द्रव मोकळा होतो, हे त्याने दाखवून दिलं. तो द्रव स्वीडनच्या शीले या रसायनशास्त्रज्ञाला आधीच सापडला होता. त्याचं ‘ग्लिसरीन’ हे नाव मात्र शेव्रलचं. थंडीत ओठ फुटले की मेडिकलमधून आपण आणतो तेच हे ग्लिसरीन.

पदार्थ शुद्ध झाला की नाही, हे तो कसं ठरवायचा? तो पदार्थ पुन्हा पुन्हा विरघळवायचा, पुन्हा स्फटिक करायचा आणि दर वेळी तो किती तापमानाला वितळतो ते पाहायचा. वितळण्याचा अंश बदलायचा थांबला, की मगच पुढे. आजही रसायनशास्त्राचे विद्यार्थी बारीक काचनळीत पदार्थ भरून हीच परीक्षा घेतात. अशा बारा वर्षांच्या खटपटीचं पुस्तक १८२३ साली निघालं. पुढे धूर आणि वास कमी असलेल्या स्टिअरिक आम्लाच्या मेणबत्त्यांचं पेटंटही त्याने गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाबरोबर घेतलं. धंदा मात्र दुसऱ्यांनी केला.

मला हा माणूस खरा भावतो तो पुढच्या प्रकरणात. १८२४ साली पॅरिसच्या गोबेलँ या सरकारी विणकामशाळेत तो रंगविभागाचा प्रमुख झाला. तिथे तक्रार अशी होती की, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणायला वापरलेली काळी लोकर फिकी दिसते, तेव्हा तुमचा काळा रंगच कच्चा आहे. शेव्रलने दुसऱ्या नामांकित कारखान्यांतली काळी लोकर मागवली आणि आपल्या लोकरीशेजारी ठेवून पाहिली. काहीच फरक नव्हता. रंगात खोट नव्हती. खोट दिसत होती ती शेजारच्या रंगामुळे. निळ्याजवळचा काळा डोळ्यांना किंचित नारिंगी झाक असलेला दिसतो, म्हणून मलूल वाटतो. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचं रूप बदलतात, हा नियम त्याने १८३९ च्या ग्रंथात मांडला. पुढे सरा यांच्यासारख्या चित्रकारांनी त्याच्या आधारे ठिपक्या-ठिपक्यांनी चित्रं रंगवली. साडीच्या दुकानात एकच ब्लाउजपीस दोन वेगळ्या साड्यांवर ठेवून पाहा. तो एकच आहे यावर विश्वास बसणार नाही.

वस्तूत काय आहे आणि पाहणाऱ्यात काय आहे, हे वेगळं करण्याची हीच सवय त्याने लंबकालाही लावली. दोऱ्याला बांधलेलं वजन पाऱ्यावर धरलं की आपोआप डोलतं, असा लोकांचा दावा होता. शेव्रलच्या हातातही ते डोललं! मग त्याने दंडापासून बोटांपर्यंत हाताला टप्प्याटप्प्याने आधार दिला. तसतसं डोलणं कमी होत गेलं. डोळ्यांवर पट्टी बांधली, तर थांबलंच. हात हलत होता तो आपल्या नकळत, मनातल्या अपेक्षेने. १८३३ साली भौतिकशास्त्रज्ञ अँपिअरला लिहिलेल्या पत्रात त्याने हे सगळं सांगितलं आणि १८५४ च्या पुस्तकात जमिनीखालचं पाणी दाखवणाऱ्या काठीचाही याच अंगाने विचार केला.

आपल्याकडे आजही बोअर घेण्याआधी पाणाडी बोलावतात. त्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहतो, हातातली काठी फिरते. तो फसवत असतो असं मुळीच नाही. त्याचा हात त्याच्याही नकळत हलत असू शकतो. पण एका बोअरला शेतकऱ्याचे हजारो रुपये जातात, कधी कर्जही काढावं लागतं. म्हणून पुढच्या वेळी पाणाड्याने जागा दाखवली की तिथे खूण करा, त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधा, रानात दोन फेऱ्या फिरवा आणि तीच जागा पुन्हा शोधायला सांगा. त्यानंतरच मशीनवाल्याला फोन करा.