सांदवाडीतील सुगंधी पाने

एप्रिल आणि मे महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही नवलाची गोष्ट नाही. या दिवसांत आठवडी बाजारात वांगी मिळतात, कांदे मिळतात, सुकी मासळीही मिळते. परंतु हिरवा सांबार मिळणे मात्र कठीण होऊन बसते. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सकाळी टोपलीत आलेली ही जुडी दुपारपर्यंत माना टाकते आणि भामरागड किंवा एटापल्लीकडील आडगावांत पोहोचेपर्यंत तिच्यात फारसे सत्त्व उरत नाही. बाजार आठवड्यातून एकदा भरतो. त्यामुळे हिरव्या पानावाचून जेवण उरकण्याचे दिवसच या काळात अधिक असतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी मोठ्या मळ्याची किंवा स्वतंत्र विहिरीची आवश्यकता नाही. घराच्या मागे जी लहानशी मोकळी जागा असते, तिला झाडीपट्टीत सांदवाडी म्हणतात. तिच्यातील ३ मीटर लांब व २ मीटर रुंद एवढा तुकडा नीट राखला, तर एका कुटुंबाला पुरेल इतकी सुगंधी पाने वर्षभर मिळू शकतात.

निखाऱ्यावरचे अन्न

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. प्रशासनाच्या दृष्टीने जिल्हे दोन झाले, तरी जंगल, धानाची शेती आणि माजी मालगुजारी तलाव यांनी घडविलेली येथील खाद्यपद्धती एकच राहिली. या पद्धतीत भाजण्याला मानाचे स्थान आहे. चुलीतील फुपाट्यात वांगी, कांदे व भेदरे, म्हणजे टोमॅटो, भाजले जातात. पळसाच्या पानांत थापलेले कणकेचे पानगे गोवऱ्यांच्या आरावर शेकले जातात. तलावातील किंवा नदीतील लहान मासे पानांत गुंडाळून निखाऱ्यावर ठेवण्याची रीतही वनभागात आहे.

या पद्धतीत तेल जवळजवळ लागत नाही. स्वयंपाक आटोपल्यावर चुलीत जे निखारे उरतात, त्यांवरच हे काम होते. त्यासाठी वेगळे सरपण जाळावे लागत नाही. तेलाची फोडणी नसल्यामुळे अशा अन्नाची चव मीठ, मिरची आणि हिरवी पाने यांवर अवलंबून राहते. म्हणूनच भाजून खाणाऱ्या घरात सुगंधी पानांची गरज अधिक असते.

पान केव्हा घालावे?

सर्वच पाने एकाच वेळी अन्नात घालणे योग्य नाही. विस्तवापूर्वी घालावयाची, विस्तवाबरोबर वापरावयाची आणि विस्तवानंतर घालावयाची, असे त्यांचे तीन प्रकार लक्षात ठेवावेत.

लसूण, आले, हळद आणि पानओवा यांचा वास उष्णतेत टिकतो. ते वाटून, त्यात थोडी चिंच किंवा लिंबू आणि मीठ मिसळून मासे अथवा कोंबडीच्या तुकड्यांना अर्धा तास लावून ठेवावे. यात चवीबरोबर आरोग्याचाही लाभ आहे. मांस अतिशय तीव्र आचेवर भाजले असता त्यात काही हानिकारक द्रव्ये तयार होतात. लसूण, हळद, आंबट रस व सुगंधी पाने यांचा लेप असल्यास त्यांचे प्रमाण कमी होते, असे प्रयोगांतून दिसून आले आहे.

दुसरा प्रकार वेष्टनाचा. हळदीचे किंवा पळसाचे पान अन्नाभोवती गुंडाळले म्हणजे वरचे पान करपते. आतील पदार्थ मात्र स्वतःच्या वाफेत शिजतो. चरबी निखाऱ्यावर टपकून उठणारा काजळीयुक्त धूर अन्नाला लागत नाही. हळदीच्या पानाचा वास पदार्थात उतरतो; पळसाचे पान मुख्यतः वेष्टनाचेच काम करते.

कोथिंबीर, पुदिना, लसणाची पात आणि कांद्याची पात हा तिसरा प्रकार होय. त्यांचा सुगंध उडून जाणारा असतो आणि त्यांतील क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. म्हणून पदार्थ विस्तवावरून उतरवल्यानंतरच ती चिरून घालावीत. भाजी, डाळ व धान्य यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास क जीवनसत्त्वाचे साहाय्य होते. पांडुरोगाने, म्हणजेच रक्तक्षयाने, ग्रासलेल्या गरोदर माता आणि किशोरवयीन मुली ज्या भागात आढळतात, तेथे भरतावर शेवटी पेरलेला मूठभर कच्चा सांबार आणि वर पिळलेले लिंबू यांना केवळ शोभेचे मानता येणार नाही.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम गोडनिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या, पानांत सुमारे ८३० मिलिग्रॅम, पुदिन्यात सुमारे २०० मिलिग्रॅम आणि कोथिंबिरीत सुमारे १८४ मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. अर्थात एका जेवणात माणूस ही पाने ५ ते १० ग्रॅमपेक्षा अधिक खात नाही. त्यामुळे डाळ, दूध, अंडी व पालेभाज्या यांची जागा ती घेऊ शकत नाहीत; त्यांना जोड मात्र देतात.

जागा, माती आणि पाणी

सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारी घराची किंवा झाडाची सावली येईल अशी जागा निवडावी. कोंबड्या वाफे उकरतात आणि शेळ्या कोवळे शेंडे खुडतात. म्हणून बांबूच्या तट्ट्यांचे अथवा काट्यांचे कुंपण प्रथम करावे व बी नंतर पेरावे. मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण वापरू नये.

दोन वाफे आणि मध्ये पाऊलवाट एवढी रचना पुरेशी आहे. पावसाळ्यात वाफा जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटर उंच करावा, म्हणजे मुळाशी पाणी साचत नाही. उन्हाळ्यात याच्या उलट वाफा थोडा खोलगट ठेवावा, म्हणजे ओल टिकते. एकच वाफा बाराही महिने एकाच रीतीने ठेवल्यामुळे अनेक घरांतील परसबाग पावसाळ्यात कुजते किंवा उन्हाळ्यात वाळते.

धुण्याभांड्यांचे साबण मिसळलेले पाणी या पानांना घालू नये. तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेले पाणी चालते; तेही मुळाशी घालावे, पानांवर शिंपडू नये. जी पाने कच्ची खावयाची, ती स्वच्छ पाण्याने धुतल्याशिवाय वापरू नयेत.

कोणती पाने लावावीत?

सांबार : धणे हलक्या हाताने रगडून त्यांच्या दोन फाका कराव्यात व रात्रभर पाण्यात भिजवून पेरावेत. आठ ते बारा दिवसांत अंकुर दिसतात आणि सुमारे ४० दिवसांत पाने खुडण्यास येतात. सर्व बी एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी एक ओळ पेरावी. कडक उन्हात रोप लवकर फुलावर येते. म्हणून उन्हाळ्यात वाफ्यावर पळसाच्या डहाळ्यांचा मांडव करावा.

पुदिना : याला बी लागत नाही. मुळे असलेला बोटभर तुकडा ओलसर मातीत लावला की तो पसरतो. इतर रोपांना तो दाबून टाकतो, म्हणून फुटक्या माठात किंवा डब्यात लावावा. पाण्याचा रांजण झिरपतो त्या जागेजवळ तो उन्हाळ्यातही तग धरतो.

पानओवा : जाड, लवदार पानांचे हे झाड फांदी खोचून वाढते. युरोपात मांस व मासे भाजताना ओरेगानो आणि थाइम नावाच्या वनस्पतींची पाने वापरतात. त्यांना ज्या द्रव्यांमुळे वास येतो, तीच द्रव्ये पानओव्यातही आहेत. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या हवेत वाढणारी ती झाडे येथील पावसाळ्यात सहज कुजतात. पानओवा मात्र पाणी साचू न दिल्यास उत्तम टिकतो. महागडी परदेशी रोपे मागविण्याचे कारण नाही.

गोडनिंब : काळी पिकलेली फळे वेचून, गर काढून, बी ताजे असतानाच पेरावे, वाळल्यावर त्याची उगवणशक्ती लवकर जाते. रोप गुडघ्याएवढे झाल्यावर शेंडा खुडला म्हणजे फांद्या फुटतात.

हळद : मेअखेर किंवा जूनमध्ये गड्डे लावावेत. श्रावणापासून पाने मिळू लागतात. प्रत्येक झाडाची खालची एक-दोन पाकट पानेच तोडावीत, म्हणजे कंद पोसण्यास बाधा येत नाही.

लसूण : ऑक्टोबरमध्ये पाकळ्या खोचल्या की महिन्याभरात पात मिळते. रोप न उपटता वरची पात कापावी. ती पुन्हा फुटते.

कोथिंबिरीवर मावा पडल्यास ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला अर्क फवारावा आणि त्यानंतर काही दिवस पाने खुडू नयेत. गोडनिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या असतात; त्या हाताने वेचून टाकणे पुरेसे असते. शेतातील पिकासाठी आणलेले रासायनिक औषध सांदवाडीत कदापि वापरू नये.

दोन पदार्थ

भरीतासाठी वांग्याला चिरा देऊन त्यांत लसणाच्या पाकळ्या खोचाव्यात आणि वांगे फुपाट्यात भाजावे. करपलेली साल पूर्ण काढून टाकावी. भाजलेली मिरची व मीठ घालून ते कुस्करावे आणि वाढण्यापूर्वी सांबार व कांद्याची पात मिसळावी.

लहान मासे साफ करून त्यांना हळद, मीठ, चिंच, ठेचलेला लसूण आणि पानओवा लावावा. हळदीच्या पानावर मासे ठेवून बाहेरून पळसाच्या पानांचे दोन-तीन पदर द्यावेत, पुडी बांधावी व फुपाट्यात ठेवावी. पंधरा-वीस मिनिटांनी पुडी उघडून मासा काट्यापासून सहज सुटतो की नाही हे पाहावे. वेष्टनासाठी अनोळखी रानपाने घेऊ नयेत. तसेच रंग दिलेल्या लाकडाच्या निखाऱ्यावर अन्न भाजू नये.

गावाने करावयाचे काम

वनस्पतींची ओळख येथील स्त्रियांना नव्याने करून द्यावी लागत नाही. गडचिरोलीतील गोंड स्त्रियांचे झाडांविषयीचे सखोल ज्ञान डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात नोंदविले आहे. अडचण ज्ञानाची नसून बी, रोपे आणि उन्हाळ्यातील पाणी यांची आहे. येथेच ग्रामपंचायत व शाळा यांचे साहाय्य उपयोगी पडेल.

शाळांमधील पोषण परसबागांसाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्यात २०१५ मध्ये सुरू झाली. शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या आवारात सांबार, गोडनिंब व पुदिना असल्यास या आहारात रोज ताजे पान पडू शकते. तांत्रिक सल्ल्यासाठी सिंदेवाही व गडचिरोली येथील कृषि विज्ञान केंद्रे आहेत.

तथापि, शाळेची बाग बहुधा मे महिन्याच्या सुटीत वाळते आणि जूनमध्ये सारे काम पुन्हा आरंभापासून करावे लागते. यावर उपाय सोपा आहे. सुटी लागण्यापूर्वी शिक्षकांनी पुदिना व पानओव्याची एकेक कुंडी, पाणी जवळ असलेल्या दोन-तीन घरी सांभाळावयास द्यावी. ही घरे कोणती, हे ग्रामपंचायतीने एप्रिलमध्येच ठरवावे. त्यांच्यावर पाणी वाहण्याचा जादा भार पडणार नाही, हेही पाहावे. एका कुंडीला दिवसाकाठी तांब्याभर पाणी पुरते. मे महिन्यात जगविलेल्या एका कुंडीतून पहिल्या पावसानंतर दहा घरांना लावण्यापुरते तुकडे निघतात. गावातील प्रत्येक सांदवाडीत हिरवे पान असावे, या कार्याचा आरंभ अशा एका कुंडीपासून करता येईल.